परक्या घरची जाऊ

नळदुर्गच्या कल्याणप्पाची बायको गिरिजाबाई ही त्याच्याच थोरल्या बहिणीची मुलगी. त्यामुळं सासू म्हणजे तिची सख्खी आजी, आणि घरात सगळा मान तिला. धाकटी जाऊ लक्ष्मम्मा येडशीकडची, परक्या घरातली.

गिरिजाबाईच्या मल्लिनाथचे हात सोळाव्या वर्षी थरथरू लागले. तोंडातला घास गळायचा, बोलणं जड झालं. लक्ष्मम्माचा वीरभद्र त्याच्याच वयाचा. भरली घागर खांद्यावरून आणायचा, थेंब सांडायचा नाही. ते बघून गिरिजाबाईचा जळफळाट व्हायचा. एकदा तरी याचाही हात थरथरू दे, असं मनात येऊन जायचं.

"हिनंच करणी केली माझ्या लेकरावर," ती सासूला म्हणाली. त्या दिवसापासून लक्ष्मम्माला चुलीपाशी यायला बंदी झाली.

१९४६ च्या हिवाळ्यात नवरा-बायको मल्लिनाथला घेऊन निजामाचा नाका ओलांडून सोलापूरला गेले. डॉक्टरांनी मुलाच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बुबुळांच्या कडेनं तपकिरी-हिरवं कडं होतं.

"तुमचं दोघांचं लग्नाआधीचं नातं काय?"

"हे माझे मामाच."

डॉक्टरांनी बॅटरी खाली ठेवली. "अन्नातून थोडं तांबं सगळ्यांच्याच पोटात जातं. जास्तीचं शरीर बाहेर टाकतं. याचं टाकत नाही. यकृतात, मेंदूत साठत जातं. हा दोष तुम्हा दोघांत निम्मा-निम्मा असणार, म्हणून तुम्ही धडधाकट. याला दोन्हीकडून आला."

"म्हंजे कुणी केलं न्हाय?"

"कुणीच नाही."

"आन् औषध?"

"अजून सापडलेलं नाही, बाई."

घरी येताच गिरिजाबाई सासूसमोर उभी राहिली. "अव्वा, लक्ष्मम्माचा काय बी दोष न्हाय. हे आपल्याच रक्तातलं हाय. आईकडनं माझ्यात आलं, आन् ह्यांच्यात बी हाय."

सासू उठून आत गेली.

बंदी सुटली तशी लक्ष्मम्मा पुन्हा चुलीपाशी आली. तिनं भात मऊ कालवला आणि मल्लिनाथला भरवू लागली. तो सावकाश गिळत होता, हसतही होता. गिरिजाबाईला ते बघवेना.

"दे इकडं ती वाटी."

"घ्या, अक्का."

पण आईची घाई मल्लिनाथला झेपेना; त्यानं तोंड मिटलं. गिरिजाबाईनं वाटी परत दिली.

मल्लिनाथ पुढं वर्षभर जगला. दोन्ही वेळा लक्ष्मम्माच भरवायची. गिरिजाबाईचा जळफळाट शेवटपर्यंत गेला नाही, पण जावेला तिनं त्याच्यापासून कधी उठवलं नाही.