पाणी सोडलं

"ह्यांनी पाणी सोडलं हो, वन्सं..." मामी फोनवर एवढंच बोलली. पुढे नुसता हुंदका.

आईच्या हातातून फोन गळून पडला. माणसाने पाणी सोडलं म्हणजे आता काही खरं नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना कळतं. काल संध्याकाळपर्यंत मामा ठणठणीत होता, ही किरकोळ अडचण कुणी लक्षात घेतली नाही. रिक्षात आई रडत होती आणि मी श्रद्धांजलीची तीन वाक्यं जुळवत होतो. त्यातली दोन जिवंत माणसालाही चालण्यासारखी होती.

मामा पाणीखात्यात. व्हॉल्व्ह फिरवून गल्लीगल्लीला पाणी सोडायचं, हीच त्याची नोकरी. आधी खालच्या गल्ल्या, सगळ्यात शेवटी चढावरची स्वतःची. तोवर टाकीचा तळ दिसायचा. आज त्याचा कामाचा शेवटचा दिवस. "आज पहिलं पाणी आपल्याला," असा शब्द त्याने मामीला दिला होता. नळाला एकदा तरी धो धो धार बघायची, एवढंच तिचं मागणं.

पोचलो तर दारात रिकाम्या बादल्यांची रांग.

आई मामीच्या गळ्यात पडली. "कधी सोडलं गं त्यानं?"

"सकाळीच. खालच्या दवाखान्याला."

आईचं रडणं मध्येच अडकलं. "दवाखान्यात आहे तो?"

"अहो, दवाखान्याला पाणी सोडलं! पंप बिघडला, टाकी भरलीच नाही. एकाच गल्लीला पुरेल एवढं पाणी. तर तिकडं सोडलं पाणी, आणि मला दिलेल्या शब्दावरही सोडलं!"

"म्हणजे प्यायचं नाही सोडलं?"

"प्यायला घरात आहे कुठं? आणि रडायचंच असेल वन्सं, तर बादलीत रडा!"

तेवढ्यात मामा आला. व्हॉल्व्हची लांबलचक चावी खात्यात जमा करून आला होता, पण खांदा अजून तिच्या वजनाने कललेलाच होता.

"सगळे कसे काय आज?"

"तुला पोचवायला," मी म्हणालो.

तो हसला. मग मामीकडे न बघता म्हणाला, "बाळंतिणी आहेत गं तिथं."



आत नळ खोकला. मामीने धावत जाऊन पेला धरला. धार कसली, थेंबामागे थेंब. आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. माझी श्रद्धांजलीची वाक्यं खिशातच राहिली. तशीही ती कमीच पडली असती.

पेला भरला तसा नळ थांबला. मामीने तो मामापुढे धरला.

"घ्या. हे तरी सोडू नका."

मामाने अर्धा पेला संपवला आणि उरलेला हळूच तिच्याकडे सरकवला.