आधी झाकण, मग वायर

लॉर्न मॅकायव्हरच्या हातात तो लॅपटॉप कधी म्हणून बिघडला नाही, आणि सगळं वाटोळं झालं ते तिथेच. एकदा, फक्त एकदा, त्याच्या डोळ्यांदेखत बिघडला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

लॅपटॉप त्याच्या बायकोचा, नोरीनचा. ती घरोघर जाऊन जखमांची ड्रेसिंग करणारी नर्स होती. कॅनडातल्या थंडर बे गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसाला सात-आठ घरं. प्रत्येक घरी लॅपटॉप उघडायचा, जखम कशी आहे ते लिहायचं, की पुढचं घर. तिची तक्रार अगदी साधी होती. रात्रभर चार्जिंगला लावलेला, सकाळी झाकण मिटून बॅगेत टाकलेला लॅपटॉप तिसऱ्या घरी उघडावा तर मेलेला. आणि हात लावावा तर नुसता तापलेला, आत पंखा फिरून फिरून दमलेला. "मी त्याला झोपवून बॅगेत घालते, आणि हा आत जागाच असतो," असं ती म्हणायची.

आता नवरा कोण, तर शाळा-मंडळाच्या कॉम्प्युटर विभागात सव्वीस वर्षं फोनवर लोकांची गाऱ्हाणी ऐकणारा. अख्ख्या गावाचे कॉम्प्युटर ज्याने सुधारले त्याच्या घरात ही रड. पण त्या धंद्यात माणसाला एक खोड लागते. शंभरातल्या नव्वद तक्रारींत यंत्राचा दोष नसतो, माणसाने वायरच लावलेली नसते, असं पहिल्या वर्षातच अंगवळणी पडतं. आणि दोष आपल्यासमोर दिसला नाही, की 'दोष आढळला नाही' असं लिहून तक्रार बंद करायची. लॉर्नने हे तीन शब्द किती हजार वेळा लिहिले असतील कोण जाणे.

त्याने बघितलाच नाही असं नाही हं. तीनदा बघितला. रात्री चार्जिंगला लावला, सकाळी वायर काढली, झाकण मिटलं, बॅगेत घातला, दुपारी उघडला. सत्त्याण्णव टक्के. तिन्ही वेळा तेच. त्याने नोरीनला त्याच कोरड्या सुरात सांगून टाकलं की दोष आढळला नाही.

"तू एकदा माझ्यासमोर बस ना," ती म्हणाली. "मी कसा बंद करते ते बघ."

"बंद करण्यात काय बघायचंय? झाकण आहे ते," लॉर्न म्हणाला.

नोरीन तेव्हा एकोणसाठ वर्षांची होती. तिच्या आईची स्मृती चौसष्टाव्या वर्षी गेली होती, आणि ते सगळं नोरीनने स्वतःच्या हातांनी निस्तरलं होतं. हे लॉर्नला काय माहीत नव्हतं? तरी एका सकाळी कॉफी ओतता ओतता तो बोलून गेला, "अगं, रात्री चार्जिंगला लावायचा विसरत असशील." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. नोरीन दारात गाडीच्या किल्ल्या घेऊन उभी होती. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि ती कामाला गेली.

त्या दिवसापासून तिने स्वतःवर पाळत ठेवायला सुरुवात केली. लॅपटॉप चार्जिंगला लावला की ती मनगटावर पेनने 'लावला' असं लिहायची. दुसऱ्या दिवशी मनगटावर 'लावला' आणि लॅपटॉप मेलेला. मग तिला वाटायला लागलं, की आपण न लावताच लिहितोय. माणसाचा स्वतःवरचा विश्वास असा उडतो, कुणी आरडाओरडा करत नाही की काही नाही.

शेवटी ती डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, काय काय विसरता ते काही महिने लिहून ठेवा, मग बघू. लिहून ठेवण्यात लॉर्नचा हात कोण धरणार! निळी वही, तारीख, वार, घटना. चार महिन्यांत एकोणीस नोंदी झाल्या. नोरीनने ती वही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पहिल्या पानापासून वाचली. "एवढं?" इतकंच तिने विचारलं. पुढच्या सोमवारी तिने स्वतःच राजीनामा दिला. उद्या कुणाला भलतंच औषध दिलं तर, असं ती म्हणाली. लॉर्नने तिला जवळ घेतलं आणि बरोबर केलंस म्हणाला.

पुढे दोन वर्षं ती घरात बसली. गाडी चालवणं सोडलं, मैत्रिणींकडे जाणं सोडलं, न जाणो एखादीचं नावच आठवलं नाही तर. आणि त्यानंतर मात्र ती खरोखरच विसरायला लागली. आता हा तिचा वृद्धाश्रमातला तिसरा हिवाळा होता. महिन्यातून एखाद्या दुपारी ती लॉर्नला ओळखायची, नावाने हाक मारायची. एरवी तो तिच्या लेखी कुणीतरी सभ्य गृहस्थ असे, रोज गुलाबी आयसिंगचा, त्या गावात 'पर्शियन' म्हणतात तो गोड पाव घेऊन येणारा. तिचा लॅपटॉपही तो बरोबर आणायचा, कारण फोटो सगळे त्यातच होते. तो तिथे चार्जिंगला लावून तिला ते दाखवत बसायचा.

जानेवारीतल्या एका दुपारी निघताना तो बूट चढवत होता. त्याची कंबर धरलेली, वेळ लागतोय हे बघून तिथल्या मारिविक नावाच्या मदतनीस बाईने लॅपटॉप आवरून बॅगेत घालून दिला. लॉर्न तिथून परस्पर कर्लिंग या बर्फावरच्या खेळाचा सामना बघायला गेला. चार तासांनी घरी येऊन त्याने बॅगेत हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. लॅपटॉप तापलेला होता, पंखा घरघरत होता, बॅटरी नऊ टक्क्यांवर.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी त्याने मारिविकला गाठलं. काय केलंस म्हणून विचारल्यावर ती बिचारी घाबरलीच. "मी काही केलं नाही हो," ती म्हणाली. "झाकण लावलं, वायर काढली, बॅगेत घातला."

"आधी झाकण?"

"आधी झाकण. मग वायर. का हो, काही मोडलं का?"

लॉर्नने आयुष्यात कधी आधी झाकण लावलं नव्हतं. या गावात हिवाळ्यात गाडीलाही रात्रभर विजेची वायर लावून ठेवावी लागते, नाहीतर सकाळी इंजिन दगड झालेलं असतं. सोळाव्या वर्षी तो वायर न काढताच बापाची गाडी घेऊन निघाला होता, वायर तुटली ती तुटली आणि वरून बापाच्या शिव्या. तेव्हापासून काहीही असो, पहिल्यांदा वायर काढायची, मग बाकीचं. हाताला वळणच तसं पडलेलं.

त्याने सहा दिवस तपासणी केली. एक दिवस आधी वायर, एक दिवस आधी झाकण. आधी वायर काढली की लॅपटॉप गाढ झोपायचा. आधी झाकण लावलं की वायर लागलेली असतानाच झोपी जायचा, आणि आपण घरच्या विजेवरच आहोत अशी त्याची समजूत व्हायची. मग वायर निघाली तरी त्याला पत्ता नाही. बॅगेच्या अंधारात मधेच जागा होऊन आपली अडलेली कामं उरकत बसायचा, बॅटरी संपेपर्यंत. सहापैकी तीन दिवस असे, तीन दिवस तसे, एकदाही चूक नाही. उपाय शोधायला पाच मिनिटं लागली असती. नाहीतर नोरीनला नुसतं सांगायचं, की बाई गं, आधी वायर काढ.

सातव्या दिवशी त्याने निळी वही काढली. एकोणीस नोंदी. त्यातल्या चौदा लॅपटॉपच्या. 'आजही चार्ज करायला विसरली.' 'मनगटावर लिहूनही विसरली.' त्याचंच सुबक अक्षर. उरल्या पाच: किल्ल्या हरवल्या, दूध कपाटात ठेवलं, शेजाऱ्याचं नाव चुकली, ओव्हन चालू राहिला, बहिणीचा वाढदिवस गेला. यातल्या तीन गोष्टी त्या हिवाळ्यात लॉर्नच्याही हातून झाल्या होत्या. त्या कुणी लिहून ठेवल्या नव्हत्या.

आजार तेव्हाही आत असेल, नसेलही. ते आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. पण त्या चौदा दिवशी ती विसरली नव्हती. तिने सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि तिच्या चांगल्या डोक्याची शेवटची दोन वर्षं तिने स्वतःला वेडी समजून घरात काढली. लॉर्न जिन्याच्या पायरीवर वही घेऊन बसला आणि त्याने त्या चौदा नोंदी पुन्हा पहिल्यापासून वाचल्या.

हे तिला सांगायचं होतं. आता त्याला दुसरं काही नको होतं. तिने ओळखलं, लॉर्न म्हणून हाक मारली, की त्याच क्षणी सांगायचं, तुझं बरोबर होतं, मीच गाढव. तो रोज जायचा, दाराशीच तिचे डोळे बघायचा, आणि कळायचं की आज नाही. जानेवारी गेला, फेब्रुवारी सरत आला. मारिविक म्हणाली, आता तशी दुपार कदाचित येणारही नाही, तुम्ही सांगून तर टाका.

म्हणून एका दुपारी त्याने सांगायचं ठरवलं. नोरीन खिडकीशी बसून पाव खात होती. त्याने लॅपटॉप तिच्यासमोर उघडून ठेवला, वायर लावली आणि घसा खाकरला. "हा लॅपटॉप बॅगेत तापायचा," तो म्हणाला. "आठवतं?"

नोरीनने पाव खाली ठेवला. "तुम्ही दुरुस्तीवाले का?"

"हो," लॉर्न म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता.

"मग बरं झालं. माझा नवराही यातलाच आहे. फार हुशार आहे हो. त्याला म्हटलं, एकदा माझ्यासमोर बस, मी बंद करते ते बघ. पण त्याला वेळ नसतो." तिने बोटांचं आयसिंग पुसलं. "बसेल तो. एक दिवस बसेल."

लॉर्नने खुर्ची ओढली आणि तिच्या अगदी शेजारी बसला. "मला दाखवा," तो म्हणाला. "मी बघतो."

आणि तिच्या हातांनी दाखवलं. तिने झाकण हळूच मिटलं, वरून दोनदा थोपटलं, क्षणभर थांबली, आणि मग वायर काढली.

"आधी वायर का नाही काढत?" त्याने विचारलं.

"बाळ दूध पिता पिता झोपतं, मग बाटली काढायची असते," तिने त्याला समजावलं, एखाद्या नवशिक्या नर्सला सांगावं तसं. "आधीच काढली तर झोपेल का ते?"

तिने वायरची गुंडाळी केली, लॅपटॉप बॅगेत घातला, बॅग त्याच्याकडे दिली. मग तिचा चेहरा एकदम उतरला. तिने त्याची बाही धरली.

"मी विसरले नव्हते हो. रात्री लावला होता चार्जिंगला."

"लावला होता," लॉर्न म्हणाला. "तुमचं बरोबर होतं. पहिल्यापासून."

"माझ्या नवऱ्याला सांगाल? त्याला वाटतं मी विसरते."

"सांगतो."

"नक्की?"

"नक्की."

तिने बाही सोडली आणि उरलेला पाव खायला घेतला.

लॉर्न खाली आला. गाडीच्या पुढून लोंबणारी वायर भिंतीवरच्या सॉकेटमधून काढली, गुंडाळून ठेवली, आत बसला. बॅग त्याने मांडीवर घेतली. पंधरा-वीस मिनिटांत ती कोटातूनही गरम लागायला लागली. बॅगेवर दोन्ही हात ठेवून तो रडत राहिला, आणि बॅटरी पुरती संपून पंखा थांबेपर्यंत त्याने ती उघडली नाही.