पहिली गोळी मध्यावर

भिंतीवरच्या दोन खुंट्यांवर पडून पडून म्हातारी झालेली शिकारी रायफल, ती मी. मित्रांनो, भिऊ नका. माझ्यात गोळी नाही आणि आता कुणी घालणारही नाही. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात दौलतरावांच्या दोन खोल्यांच्या घरात माझा मुक्काम आहे. या घरात माझं ऐकणारं कुणी नाही, म्हणून तुम्हाला गाठलं.

माझी नळी विलायतेत घडली. तिला खालून धरणारा दस्ता अस्सल अक्रोडाच्या लाकडाचा. दौलतरावांचे वडील तुकोजी, म्हणजे घरातले आबा, संस्थानच्या फौजेत होते. त्यांनी मला घरी आणलं तेव्हा मी जरा तोऱ्यातच होते, आणि का नसावं? पिकं तुडवणारं रानडुक्कर मी शंभर पावलांवरून एका गोळीत आडवं करायची. गावकरी तुकोजींची पाठ थोपटत आणि तुकोजी माझी. शिकारीहून आले की ते लाकूड आणि नळी वेगळी करत, कानाकोपरा पुसत आणि पुन्हा जोडत. तसे हात मला परत मिळाले नाहीत.

पुढे शिकारीवर बंदी आली. रानातल्या जनावरांच्या बाजूने पाहिलं तर ते बरंच झालं म्हणायचं. त्याच सुमारास तुकोजीही गेले. तेव्हापासून मला उघडून कुणी पाहिलं नाही. मात्र दर दसऱ्याला दौलतराव आणि लक्ष्मीबाई, म्हणजे त्यांची बायको, मला पाटावर निजवत, हळदकुंकू वाहत आणि तिळाच्या तेलाने नखशिखांत माखत. एक नाही, दोन नाही, बावीस दसरे. ते तेल नळी आणि लाकूड यांच्यामधल्या फटीत उतरायचं आणि कुंकवासकट तिथेच थिजायचं. लाकूड फुगत गेलं आणि उजव्या अंगाने नळीला रेटू लागलं. पूजा चालू असताना माझा जीव गुदमरायचा, आणि ती दोघं बिचारी माझ्यापुढे हात जोडून उभी असायची.

दौलतराव मिलच्या फाटकावर जमादार होते. एके दिवशी त्या फाटकाला कुलूप लागलं ते लागलंच. सगळी गल्ली घरी बसली. कुणी भाजीचा ठेला लावला, कुणी गावाकडची वाट धरली. दौलतरावांना बावन्नावं लागलेलं, त्यांना कोण काम देणार? तेव्हा शहरात नव्या खाजगी बँका उघडत होत्या. एका एजन्सीला तिथे उभे करायला पहारेकरी हवे होते. ज्याच्याकडे स्वतःचं लायसन्सचं हत्यार आहे, त्याने चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, पाच गोळ्या मारून दाखवायच्या, एवढीच अट.

"अहो, जमेल ना?" लक्ष्मीबाईंनी विचारलं.

"मला दुसरं येतंय काय? नेम तेवढा येतो. आबांनी शिकवलाय," दौलतराव म्हणाले. कितीतरी महिन्यांनी ते हसले होते.

सरावाला ते मला साडूच्या मळ्यात घेऊन गेले. पहिली गोळी निशाण म्हणून लावलेल्या पत्र्याच्या अगदी मधोमध लागली. दुसरी चार बोटं डावीकडे गेली, तिसरी वीतभर. दौलतरावांनी काडतुसं बदलून पाहिली, मला टेकायला खाली पोतं ठेवून पाहिलं. तरी तेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही मल्हारगंजात शाम मिस्त्रींकडे गेलो. बंदुका दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी नळीत उजेड धरून पाहिलं, नेम धरायची माशी पट्टीने तपासली, पेच आवळले.

"भिया, नळी एकदम चकाचक आहे. माशी सरळ, पेच पण टाइट," ते म्हणाले. "गडबड आहे ती आतमध्ये. लाकूड उतरवूनच देखावं लागेल."

उतरवा हो, मी मनात म्हटलं, एकदाचं उतरवा.

दौलतरावांनी मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. "नाही शामजी. आबांनी शेवटचं कुंकू लावलंय त्या लाकडावर. पूजेतलं हत्यार अपन तोडत नाही."

"तोडायचं कुठे म्हणतोय यार? दोन पेच तर आहेत."

"तरी पण नाही."

मिस्त्री पेचकस खाली ठेवून जवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "बुरा मत मानना, दौलतरावजी. हात तर नाही कापत तुमचा?"

दौलतराव मला घेऊन उठले. घरी आल्यावर उजवा हात समोर धरून ते कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसले.

चांदमारीवर परीक्षा घ्यायला एक निवृत्त सुभेदार होते. पहिली गोळी मध्यावर बसली, तेव्हा ते "वा!" म्हणाले. पण एका गोळीत माझी नळी तापली, आणि तापली की लाकूड तिला सरळ राहू देत नव्हतं. मी माझ्याकडून खूप जोर लावला. दुसरी डावीकडे गेली, तिसरी त्याहून डावीकडे, चौथी निशाणाच्या पाटीच्या कडेला. पाचवी तर पाटीला लागलीच नाही.

"पहली बढ़िया थी," सुभेदार समजुतीने म्हणाले. "फिर हाथ थक गया. उमर होती है, भाईसाहब."

घरी लक्ष्मीबाई दारातच उभ्या होत्या. "माझा हात गेला," दौलतराव त्यांना म्हणाले. मग त्यांनी मला मांडीवर घेतलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि पुटपुटले, "माफ कर. माझ्या हाताने तुला बट्टा लागला." मला ओरडून सांगावंसं वाटलं की अहो, चूक तुमची नाही, माझ्यात आहे. पण लोखंडाला बोलता येत नाही. त्या दिवसानंतर ते कुठेच काम मागायला गेले नाहीत.

मित्रांनो, एखाद्या वस्तूवर जीव असेल तर नुसत्या तिच्या पाया पडू नका, तिला उघडून आतून साफ करा. आणि कुणाचा नेम चुकला तर त्याच्या हाताला बोल लावण्याआधी त्याचं हत्यार तपासा. मला हे कळतं, पण माझ्या माणसाला मी ते सांगू शकले नाही, आणि आता सांगून उपयोगही नाही.

दौलतराव दिवसभर खिडकीशी बसून असतात. लक्ष्मीबाईंनी चहा दिला की कपबशी दोन्ही हातांनी घट्ट धरतात, सांडेल म्हणून. मी समोरच्या भिंतीवरून रोज बघते. त्यांचा हात कापत नाही. तो कधीच कापला नव्हता.