गाठ मारू नये

कर्जत स्टेशनाजवळच्या एका वखारीत उंदीर मरून पडायला लागले, ही बातमी बाजार करून आलेल्या माणसांनी कळंबच्या बाजूला आणली, आणि त्याच दिवशी मैनाने जुनी लुगडी फाडायला घेतली. भात झोडून कणग्या भरल्या होत्या, शेतात वाल फुलावर आला होता. हवेत असा गारवा आला की प्लेग येतो, हे आता लहान पोरांनाही ठाऊक झालं होतं. गावात उंदीर पडला की घरं सोडायची, माळावर झोपड्या बांधून राहायचं, आणि ऊन चांगलं तापेपर्यंत घरात पाऊल टाकायचं नाही.

यातलं शेवटचं लोकांना जमत नसे. मागच्या खेपेला घरातली सगळी माळावर गेली होती, आणि मैनाचा धाकटा दीर पदू तेवढा परत गेला. कशासाठी, तर कोंबड्यासाठी. निघायच्या गडबडीत कोंबडा माळ्यावर राहिला होता. पदूने तो काखेत मारून आणला, पोटऱ्यांवर चढलेल्या पिसवा झटकल्या आणि हसत हसत सांगितलं की रिकाम्या घरात पिसवांनी नुसता उच्छाद मांडलाय. दोन-चार दिवसांनी त्याच्या जांघेत गाठ आली. पदू गेला. कोंबडा पुढे वर्षभर आरवत होता, कारण त्याला कापून खायचंही कुणाच्या मनाला येईना.

तेव्हापासून मैनाच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती. या खेपेला घरातून बाहेर पडलेलं माणूस परत घरात जाता कामा नये. आणि माणूस परत जातं ते तांदळासाठी नाही, घोंगडीसाठीही नाही. तांदूळ शेजारी मिळतो. माणूस परत जातं ते ज्या एका वस्तूवाचून त्याला करमत नाही तिच्यासाठी. म्हणून प्रत्येकाचं गाठोडं वेगळं करायचं, आणि त्यात शिधा, मीठ, पांघरूण याच्याबरोबर ती एक वस्तू आठवणीने घालायची, असं तिने ठरवलं. सासरे भिवाजी यांचा अडकित्ता. नवरा सहदेव याच्या बाजाराला जाताना घालायच्या वहाणा. पोरगी पारू हिची चिंध्यांची बाहुली. स्वतःसाठी तिने आईने दिलेली लोखंडी कढई घेतली. आणि सासूबाई अंबूबाईंच्या गाठोड्यात पदूचा टाक. पदूच्या वर्षश्राद्धाला सोनाराकडून चांदीच्या पत्र्यावर त्याची छबी उठवून आणली होती आणि ती देव्हाऱ्यात कुळाच्या देवांशेजारी बसवली होती. बोटाच्या दोन पेरांएवढी.

गाठोडी ओळीने ओटीवर लागली. मैना पहिल्याची टोकं एकत्र घेऊन गाठ मारणार, तोच अंबूबाईंनी तिचा हात धरला.

"घरात गाठ मारायची नाय."

मैनाला आधी कळेचना. अंबूबाईंनी समजावून सांगितलं. त्या रोगाला लोक गाठच म्हणतात. अमक्याला गाठ आली, तमक्याची गाठ फुटली. मग घरात बसून गाठी मारायच्या म्हणजे त्याला नावाने हाक मारण्यासारखंच नाही का? मागच्या खेपेला पदूने निघण्याच्या आदल्या दिवशी दाव्याला दुहेरी गाठ मारली होती, ती आपण डोळ्यांनी पाहिली, असंही त्यांनी सांगितलं. त्या दिवसापासून त्या गाठोडं हा शब्दही तोंडातून काढत नसत. बोचकं म्हणत.

मैनाने विचारलं, वाघ्या ठाकर माळावर आपल्यासाठी झोपडी बांधतोय, तो कारवीच्या कुडाला वेलांच्या गाठी मारतोय, त्याचं काय? अंबूबाई म्हणाल्या, ती रानातली गाठ. तिचा घराला काय त्रास?

भिवाजींनी सुपारी कातरता कातरता बायकोच्या बाजूने मान हलवली, आणि सहदेव म्हणाला की आई म्हणते तर नको मारू, निघताना मारू, त्याला कितीसा वेळ लागतो.

मग मैनाने टोकं नुसती दुमडून ठेवली आणि प्रत्येक गाठोड्यावर एक दगड ठेवला. आणि तिच्या जिवाला घोर लागला तो तिथून.

कारण ज्या वस्तूवाचून माणसाला करमत नाही, तीच वस्तू त्याला रोज लागते. हे आधी तिच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भिवाजींच्या गाठोड्यावरचा दगड बाजूला पडलेला आणि अडकित्ता भिवाजींच्या हातात. मैनाने दुसरा अडकित्ता शेजारून मागून आणला. भिवाजी म्हणाले, याला धार नाय, आणि तो गाठोड्यात टाकून आपला घेऊन बसले. सहदेव बाजाराला गेला तो वहाणा घालून गेला, आणि आल्यावर त्या मागच्या दारी सोडल्या. पारू बाहुलीला झोपवायला बाहेर काढी, बाहुली भुकेजली म्हणून चुरमुरे काढी, आणि बाहुली खात नाही म्हणून ते आपणच खाई. मैना संध्याकाळी गुरांचं करून आली की सगळी गाठोडी उलगडून बघायची, काय गेलं ते हुडकायचं, परत घालायचं, दगड ठेवायचा. सकाळी पुन्हा तेच.

ती चिडली की घरात सगळ्यांना हसू यायचं. सहदेव म्हणायचा, "तुझी गाठोडी म्हंजे उतारूंचा डबा झालाय. चढतात कोन आन उतरतात कोन, काय पत्ता नाय." शेजारच्या मैतरांपुढेही त्याने हे सांगितलं, आणि ते लोक येता जाता ओटीकडे बघून मैनाला विचारू लागले की गाडी कधी सुटणार.

अंबूबाईंचं आणखी वेगळं. देव बोचक्यात उपाशी ठेवायचे नसतात. म्हणून त्या रोज सकाळी आंघोळ करून टाक बाहेर काढायच्या, देव्हाऱ्यात ठेवायच्या, हळदकुंकू वाहायच्या, आणि संध्याकाळपर्यंत तो तिथेच राहायचा. मैनाने एकदा सांगून पाहिलं की पूजा झाली की लगेच परत ठेवत जा. अंबूबाई म्हणाल्या, "जेवल्याबरूबर पोराला घराभायेर काढू?"

मैनाने संध्याकाळी टाक स्वतः उचलून गाठोड्यात ठेवायचा नेम धरला. रोज दिवेलागणीला ती तो उचलायची, आणि रोज सकाळी अंबूबाई तो काढायच्या. दोघी त्याबद्दल एकमेकींशी एक अक्षर बोलत नसत.

उंदीर पडला तो सकाळी, ऊन अंगणात यायच्या सुमाराला. पारूने पाहिला. कणगीच्या बुडाशी एक मोठा घूस-उंदीर गरगर फिरला, कलंडला आणि पाय ताणून गार झाला. मैनाने पोरीला दंडाला धरून उचललं आणि अंगणात नेऊन उभी केली, आणि घरात असतील तेवढ्यांना हाका मारल्या.

त्यानंतर जे झालं त्याची कल्पना तिने हजार वेळा केली होती, पण अशी केली नव्हती. गाठ घरात मारायची नाही, म्हणून प्रत्येकाने आपलं उघडं गाठोडं कवेत घेतलं आणि बाहेर धाव घेतली. भिवाजींचे तांदूळ उंबऱ्यापासून तुळशीपर्यंत सांडत गेले. सहदेवने स्वतःचं समजून पारूचं उचललं. मैना दारात उभी राहून प्रत्येकाला ओरडून विचारत होती की तुमची वस्तू घेतली का, आणि प्रत्येकजण घेतली घेतली म्हणत तिच्या अंगावरून जात होता. कुंपणाबाहेर गेल्यावर सगळ्यांनी रस्त्यात बसून गाठी मारल्या. शेजारची माणसं आपापली बोचकी घट्ट बांधून, डोक्यावर घेऊन, त्यांच्याकडे बघत पुढे निघून गेली. त्यांच्या घरांत कुणी काही आधी बांधून ठेवलं नव्हतं. तरी ती आधी निघाली.

माळावर झोपडीत गाठोडी सुटली तेव्हा अडकित्ता होता, धार नसलेला. भिवाजींनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, चालंल. वहाणा मागच्या दारी राहिल्या होत्या. सहदेव म्हणाला, अनवाणी जन्मलो, अनवाणी ऱ्हाईन. कढई आली होती, आणि बाहुली पारूच्या काखेतच होती. मैनाच्या मनावरचा भार जरा हलका झाला, आणि तेवढ्यात अंबूबाईंनी आपलं फडकं झटकलं, पुन्हा झटकलं, आणि खाली बसल्या.

सकाळची पूजा नुकतीच झाली होती. टाक देव्हाऱ्यात होता.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भिवाजींनी फार सांगितलं म्हणून दोन घास खाल्ले. झोपडीच्या दारात बसायचं, गावातल्या आपल्या कौलांकडे बघायचं आणि रडायचं, एवढंच चाललं. पदू तिथं एकटा राहिला. त्याच्यापुढे दिवा नाही. त्याला कुणी पाणी दाखवलं नाही. सगळे आपापला जीव घेऊन पळाले आणि त्याला टाकलं. मैना चुलीपाशी बसून हे ऐकत होती. ओली लाकडं पेटत नव्हती, धुराने डोळे चुरचुरत होते, आणि तिसऱ्या दिवशी तिच्याच्याने राहवेना.

"आत्याबाई," ती म्हणाली, "भावोजी परत घरात गेले म्हनून त्यांचा टाक झाला. आता टाकासाठी कोन परत जानार, आन मग त्याचा टाक कुनी करायचा?"

भिवाजी सुपारीकडे बघत राहिले. अंबूबाईंनी रडणं थांबवलं आणि सुनेकडे अशा नजरेने पाहिलं की मैनाने फुंकणी उचलून पुन्हा चुलीत फुंकायला घेतलं.

"त्याला तिथं ठेवू एकला?" अंबूबाई म्हणाल्या.

"त्यांना आता काय व्हायचं नाय. तुमाला होईल."

सहदेवला हे बोलणं लागलं. त्याने बायकोला बाहेर बोलावून बजावलं की आईशी असं बोलायचं नाही, तिचं पोर गेलंय. मैना म्हणाली, तिचं अजून एक हाय, ते जाऊ नये म्हनून बोलते. तो म्हणाला, मी कुठं चाललोय? आणि तोंड फिरवून वाघ्याने टाकून दिलेल्या कारव्या गोळा करायला लागला.

मैनाने त्याच्या पाठीकडे बघितलं तेव्हाच तिला समजायला हवं होतं. आईचं रडणं त्याला ऐकवत नव्हतं, आणि बोलून ते थांबवण्याची रीत त्याला येत नव्हती. अशी माणसं उठून काहीतरी करतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओढ्यावर पाणी भरत होती. वर बघते तो सहदेव वालाच्या शेतांमधून गावाकडे चाललेला. भरभर नव्हे. कुणी विचारलंच तर सरपणाला निघालोय म्हणता येईल अशा बेताने, खांद्यावर कोयता टाकून. पण सरपण रानाच्या अंगाला होतं आणि तो घराच्या अंगाला चालला होता. मैनाने हाक मारली. मधे बरंच अंतर होतं. तिने हंडा तसाच टाकला आणि लुगडं खोचून चढण चढायला लागली. माळावरच्या चढणीला खडे फार, आणि तिला दिसत होतं की तो गावाच्या तोंडाशी असलेल्या बांबूच्या बेटापर्यंत पोचेल तोवर आपण त्याच्या निम्म्यातही असणार नाही.

तेव्हा तिला अंबूबाई दिसल्या. त्या झोपडीच्या दारातून निघाल्या होत्या आणि वालाची शेतं आडवी तुडवत धावत होत्या. पायवाट सोडून, पदर मागे लोंबत, दवाने ओल्या वेलांत पाय अडकत. वर्षभर ज्यांना चालताना कुणाचा तरी खांदा लागे त्या. एकदा पडल्या, उठल्या, आणि बेटाच्या अलीकडे त्यांनी मुलाला गाठलं आणि त्याचा सदरा मागून मुठीत धरला.

मैना धापा टाकत पोचली तेव्हा दोघं बांधावर उभी होती.

"मागं फिर."

"आये, तूच म्हनत होतीस ना. येवढासा तं टाक, घेऊन येतो. पाय ठेवला आन निघालो."

"पदू पन असंच बोलला होता."

"तू चार दिस जेवत नायस."

"जेवीन मी. मी रडत होते रं. रडनाऱ्याचं कुनी ऐकतं का?" अंबूबाईंनी सदरा सोडला नव्हता. "येक त्या घरानं नेला. त्याला सोबत पायजे म्हनून दुसरा देऊ?"

सहदेवने कोयता खांद्यावरून काढला आणि उगाचच बांधावरच्या गवतावर मारला. अंबूबाई वळल्या आणि त्यांना मैना दिसली.

"आन तू गं? नवरा चालला तरी हुबी काय ऱ्हायलीस? येवढी अक्कल सांगतीस सगळ्यांना, येक मानूस आवरता येत नाय?"

मैनाच्या तोंडाशी बरंच काही आलं. उंदरांची बातमी आल्यापासूनचं सगळं आलं, दगड, चुरमुरे, अडकित्ता, सगळं. तिने ते गिळलं, कारण म्हातारी बोलता बोलता एका पायावर उभी राहिली होती आणि दुसरा टेकवत नव्हती. बाभळीचा काटा टाचेत पार आत गेला होता.

तिने सहदेवला सांगितलं की ओढ्यावर हंडा पडलाय तो भरून आण. तो गेला, माळाच्या दिशेने गेला, हे तिने नीट बघून घेतलं. मग तिने सासूला बांधावर बसवलं, त्यांचा पाय मांडीवर घेतला, टाचेवरचा चिखल पदराने पुसला आणि काट्याच्या मुळाशी दोन्ही नखं लावली.

"हळू गं," अंबूबाई कळवळल्या. "जीव जातो माझा."

"नाय जात," मैना म्हणाली. "गप बसा."