खाली बसलेली रेघ

तिने संगणकाच्या काचेवर नखाने दोनदा टकटक केलं. बॅटरीच्या व्होल्टेजची रेघ होती तिथेच राहिली, खाली आणि सपाट.

"मॅडम, गंगेत घोडं न्हालं," शेजारचा सहकारी म्हणाला. रंगांच्या कारखान्यातून तो गेल्याच महिन्यात या प्रयोगशाळेत आला होता. "चार महिने नुसती करवादत होती. आज बघा, सुतासारखी सरळ. अडथळा संपला."

"अडथळा नाही संपला. पापुद्रा फाटला."

त्याला कळेना, तेव्हा तिने समजावून सांगितलं. बॅटरीत लिथियमच्या दोन चकत्यांमध्ये द्रवाऐवजी तिने पॉलिमरचा पापुद्रा घातला होता, कांद्याच्या सालीइतका पातळ. वीज खेळू लागली की लिथियमला सुईसारखे कोंब फुटतात. पापुद्रा त्यांना अडवतो तोवर रेघ वरखाली होते, कुरकुरते. कोंब आरपार गेला की सगळं कसं गुण्यागोविंदानं चालल्यासारखं दिसतं. नवखा माणूस इथेच फसतो. पहिल्या वर्षी तीही फसली होती, अख्ख्या मजल्याला चहा पाजून बसली होती.

चार महिने पाण्यात गेले. या पापुद्र्यापायीच तिने घरी जाणं आज-उद्यावर ढकललं होतं. आबा अंथरुणाला खिळलेले, तरी रोज फोनवर तिची खरडपट्टी काढायचे, बॅटरी बापापेक्षा मोठी झाली का म्हणून. एवढी एक चाचणी पार पडू द्या, असं ती हसून म्हणायची.

फोन वाजला. थोरला भाऊ होता.

"आज आबांना बरंच बरं आहे गं. कण्हणं नाही, कुरकुर नाही. तू कधी येणार तेही विचारलं नाही. सावकाश ये."

तिची नजर पुन्हा त्या सपाट रेघेकडे गेली.

"दादा, त्यांना सांग, मी याही आठवड्यात येत नाही."

"अगं, उगीच कशाला चिडवतेस? आत्ता कुठे शांत झालेत."

"सांग तर खरं. काय म्हणतात ते मला सांग."

पलीकडे दार करकरलं. ती फोन कानाशी घट्ट दाबून उभी राहिली. आबांचा आवाज चढावा, त्यांनी चार शिव्या हासडाव्यात, एवढंच तिला हवं होतं.

"हसले गं," भाऊ परत येऊन म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "म्हणाले, असू दे."

तिने पर्स उचलली.

"मॅडम, ही चाचणी बंद करू का?" सहकाऱ्याने विचारलं.

"नको. चालेल तोवर चालू दे," ती म्हणाली, आणि अंगातला पांढरा कोट न काढताच जिना उतरू लागली.