बर्फातला नमुना

नदीचं पाणी तपासायला आणायचं तर बर्फात ठेवून आणावं लागतं. बर्फ वितळला, बाटली तापली की आतलं पाणी बदलतं आणि नमुना खोटं बोलायला लागतो. नियम बरोबर आहे, आणि मला राग त्याचाच येतो.

सोलापुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत काचेचा एक लांबलचक पाट आहे. टेंभुर्णीच्या खालचं भीमेचं एक वळण आम्ही त्यात उभं केलंय. पाणी जोरात सोडलं की त्यात टाकलेला रंग वाहून जातो. पाणी कमी केलं की तोच रंग वळणात ठाण मांडून बसतो.

खऱ्या वळणावर बिरुदेव आणि चिमाबाई हे मेंढपाळ नवरा-बायको राहतात. या उन्हाळ्यात त्यांच्या मेंढ्या तिथलं पाणी पिऊन मेल्या, मग त्यांची गरोदर सून सोनाली उलट्यांनी अंथरुणाला खिळली. वरचा कारखाना पहाटे घाण सोडतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण रिपोर्ट वाईट आला तरच गावाला टँकर मिळणार होता.

म्हणून मी आदल्या संध्याकाळी बर्फाचा डबा आणि बाटल्या बिरुदेवांकडे ठेवून आले. पहाटे फेस दिसला की पाणी भरायचं आणि पहिल्या एसटीनं सोलापूरला यायचं, असं ठरलं.

ते आले. डबा उघडला तर आत बर्फाचा खडाही नव्हता. बाटल्या कोमट झालेल्या.

"बर्फ कुठाय?" मी ओरडलेच.

"म्हातारीनं काडला, मॅडम. सोनालीचं अंग लई तापलं हुतं. कपाळावर ठिवला. गावात दुसरा बर्फ कुटं मिळतोय?"

जिच्यासाठी हे पाणी तपासायचं, तिच्याच तापात त्याचा पुरावा वितळून गेला होता.

आमचे प्रमुख मल्लिनाथ सर म्हणाले, "फिरदोस, हा नमुना घेता येणार नाही. नवीन आण."

दुसऱ्या खेपेला मी स्वतः गेले. तोवर सोलापूरला प्यायला म्हणून धरणातून पाणी सोडलं होतं आणि नदी दुथडी वाहत होती. वळण धुऊन निघालेलं. तरी मी बाटल्या भरल्या, कारण सरांना नमुना हवा होता. सगळे आकडे मर्यादेत आले.

"सर, हे धरणाचं पाणी आहे. चार दिवसांत नदी आटेल आणि घाण परत वळणात बसेल. तेवढं तरी लिहू या."

"रिपोर्टात बाटलीतलं पाणी लिहायचं. नदी नाही," सर म्हणाले आणि सही करून मोकळे झाले. उकळून पिण्यास हरकत नाही, असा शेरा त्यावर होता.

पुढच्या आठवड्यात धरणाचं पाणी बंद झालं. मला राहवेना, मी चिमाबाईंना फोन लावला. आवाज खुशीत होता.

"रिपोट चांगला आला म्हनं. ग्रामपंचायतीत लावलाय. लई बरं झालं बाई. लांबच्या हिरीवरनं पानी आनून कंबरडं मोडलं हुतं."

"मावशी, नदीचं पाणी सोनालीला देऊ नका."

"उकळून देतीय की. सकाळधरनं दोन तांबे पाजलं."

"उकळूनही नका देऊ. ते पाणी वाईट आहे."

"आसं कसं वाईट आसंल?" चिमाबाई म्हणाल्या. "तुमीच तपासलंय की."