अंगठ्यातून निघालेला निरोप

मी वेदनाग्राही बोलतोय, दुखण्याचा निरोप नेणारा मज्जातंतू. घाटकोपरच्या जानकी परबच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात माझं उघडं टोक आहे आणि माझी पेशी वर, पाठीच्या कण्यापाशी. मधली सगळी वाट मीच. केसाहूनही बारीक, पायाएवढा लांब धागा.

चटका बसला, काही टोचलं, की माझ्या अंगावरची सूक्ष्म दारं उघडतात. बाहेरच्या क्षारांचे विद्युतभारित कण आत घुसतात. पुरेसे घुसले की विजेची लहर उठते आणि कण्याकडे धावत सुटते. जास्त भाजलं म्हणून लहर मोठी होत नाही, एकामागून एक भराभर सुटतात एवढंच. त्या मेंदूत पोचल्या की जानकी ओरडते. दुखणं तिला कळतं, मला नाही. मी नुसता निरोप्या.

गावी असताना करवंदीचा काटा रुतला, तेव्हा केवढी किंचाळली होती! शिव्या घातल्या, पण पाय उचलला. मला तेवढं पुरे होतं.

पुढे तिला मधुमेह झाला. "माका काय त्रास नाय," म्हणत ती गोळ्या चुकवायची. रक्तातली साखर वर्षानुवर्षं माझा धागा पोखरत राहिली. आधी लांबची टोकं सुकतात, सुकताना उगाच लहरी सोडतात आणि पाय जळजळतात. माझ्या शेजारचे धागे एकेक करून गप्प झाले. जानकीला वाटलं, पायांची जळजळ थांबली, बरं झालं.

यंदा मे महिन्यात ती इमारतीच्या गच्चीवर आमसुलं, म्हणजे तिची सोलां, वाळत घालायला गेली. खायच्या वस्तूत चप्पल नको, म्हणून अनवाणी. खाली काळं डांबरी आच्छादन तव्यासारखं तापलेलं. माझी उरलीसुरली दारं उघडली. मी लहर उठवली. ती वाटेतच विझली. पुन्हा उठवली. जानकी, पाय उचल गं! ती शेजारच्या फ्लेवियाशी गप्पा मारत उभीच.

फोड आला, फुटला. लादीवर लाल डाग बघून तिच्या नवऱ्याने, काशीरामने विचारलं, "ह्या काय गो?"

"सोलांचो रंग लागलो असतलो."

वास सुटला तेव्हा दोघं दवाखान्यात धावली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हाडापर्यंत गेलंय. अंगठा काढावा लागेल."

जानकीने घाबरून विचारलं, "दुखात काय ओ?"



उद्या सकाळी माझं टोक कापलं जाईल. कदाचित माझा उरलेला धागा नंतर उगाच लहरी सोडेल आणि नसलेला अंगठा तिला दुखेल. तेव्हा पोचून काय उपयोग?

आत्ता काशीराम वॉर्डातल्या तिच्या खाटेपाशी बसलाय. त्याने तिचा डावा पाय मांडीवर घेतलाय, बोटांच्या बेचक्यांतून, टाचेवरून फोड शोधत नजर फिरवतोय.

"अवो, पाय कित्याक धरतास? लोक बघतत."

"बघूंदे. आता रोज बघतलंय."

ती पाय ओढून घेतेय. नको ओढूस, जानकी. त्या पायातलेही आता गप्प होत चाललेत. बघू दे त्याला.